न फोडलेली पाकिटं: खानदेशात बसून जुन्या स्पोर्ट्स कार्डांत पैसे घालायचे असतील तर

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या हेरिटेज या लिलावगृहात एक खोकं विकलं गेलं. कॅनडातल्या रेजायना शहरात एका कुटुंबाच्या घरात ते पडून होतं. आत ओ-पी-ची कंपनीच्या १९७९-८० सालच्या आइस हॉकी कार्डांचे (म्हणजे खेळाडूंची चित्रं छापलेल्या पत्त्यांचे) १६ बॉक्स, एकेका बॉक्समध्ये ४८ पाकिटं आणि एकेका पाकिटात १४ कार्डं. कारखान्यातून निघाल्यापासून ते कुणी उघडलेलं नव्हतं. बोली ३७ लाख डॉलरच्या वर गेली. त्या वर्षीच्या ३९६ कार्डांच्या संचात आइस हॉकीतला दिग्गज खेळाडू वेन ग्रेट्झकी याचं पहिलं कार्ड आहे, म्हणून एवढी किंमत. हिशेब कुणालाही करता येईल: १०,७५२ कार्डांना ३९६ ने भागलं की सत्तावीस येतात. म्हणजे त्या खोक्यात सत्तावीसच्या आसपास ग्रेट्झकी असावेत. कोणत्या अवस्थेत आहेत, हे खोकं विकणाऱ्यालाही माहीत नव्हतं आणि घेणाऱ्यालाही.

अशा बातम्या मोबाइलवर फिरतात आणि जळगाव, धुळे, नंदुरबारमधली कमावती पोरं विचारायला लागतात की आपणही थोडे पैसे यात घालावेत का. घालता येतात. पण सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. न फोडलेल्या पाकिटात तुम्ही कार्ड विकत घेत नाही, ते तुम्हाला दिसतही नाही. हे पाकीट आजवर कुणी उघडलेलं नाही, या खात्रीचे पैसे तुम्ही मोजता. ती खात्री कच्ची निघाली तर हातात रद्दी उरते. म्हणून खेळाडूंची नावं नंतर पाठ करा, आधी सील ओळखायला शिका.

पहिली पायरी: माल कोणकोणत्या रूपात येतो

जुन्या अमेरिकन कार्डांची पाकिटं मुख्यतः मेणकागदाची असत. त्यांना व्हॅक्स पॅक म्हणतात. किराणा दुकानात गोळ्या-बिस्किटांशेजारी ती ठेवलेली असत आणि आत कार्डांसोबत बबलगमची पट्टी असे. याशिवाय सेलो पॅक असतो, पारदर्शक वेष्टनाचा, त्यातलं वरचं आणि खालचं कार्ड बाहेरून दिसतं. रॅक पॅक म्हणजे तीन कप्प्यांचं, वर पुठ्ठ्याची पट्टी असलेलं, खुंटीला टांगायचं पाकीट. व्हेंडिंग बॉक्समध्ये ५०० सुटी कार्डं भरलेली असतात. पाकिटांचा मिळून बॉक्स होतो आणि बॉक्सांचं मिळून केस.

किंमत चढत कशी जाते ते १९८६-८७ च्या फ्लीअर कंपनीच्या बास्केटबॉल कार्डांवर नीट कळतं. संच १३२ कार्डांचा. ५७ व्या क्रमांकावर मायकल जॉर्डन. पाकिटात १२ कार्डं आणि एक स्टिकर, बॉक्समध्ये ३६ पाकिटं. म्हणजे सरासरी अकरा पाकिटांमागे एक जॉर्डन आणि बॉक्समागे तीनाच्या थोडं वर. आता हाच जॉर्डन एका सुट्या पाकिटात असायची शक्यता अकरात एक असली, तरी त्या पाकिटाची किंमत शक्यतेच्या हिशेबापेक्षा जास्तच सांगितली जाते. ही वरची रक्कम आशेची असते. पाकीट फोडलं की ती त्याच क्षणी जाते. शिवाय आत जॉर्डन निघाला तरी त्याच्या पाठीवर मेणाचा किंवा गमचा डाग असू शकतो, छपाई एका बाजूला सरकलेली असू शकते. जुन्या यंत्रांची कापणी फार बेभरवशाची होती. म्हणून गुंतवणूक म्हणून घेतलेलं पाकीट फोडायचं नसतं. फोडायची हौस असेल तर त्यासाठी वेगळी, स्वस्त पाकिटं घ्या आणि तो खर्च करमणुकीच्या खात्यात टाका.

दुसरी पायरी: कोणत्या काळातला माल

इथेच बहुतेक नवखे अडकतात. "तीस वर्षं जुनं आहे" हे ऐकून पैसे काढतात.

१९८० च्या आधीचा न फोडलेला माल खरंच थोडा आहे, कारण पोरांनी पाकीट घेतलं की दुकानाच्या पायरीवरच फाडलं. न विकलेला माल कंपन्यांनाही नकोसा असे. टॉप्स या अमेरिकन कंपनीच्या १९५२ च्या बेसबॉल कार्डांची उरलेली खोकी १९६० मध्ये न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून आत समुद्रात बुडवली, असं ती कार्डं तयार करणारे साय बर्गर स्वतः सांगत. त्याच संचातलं मिकी मँटल या बेसबॉलपटूचं एक कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं.

१९८१ मध्ये डॉनरस आणि फ्लीअर या कंपन्या बेसबॉलच्या बाजारात उतरल्या आणि टॉप्सची मक्तेदारी संपली. पुढे लोकांच्या लक्षात आलं की जुन्या कार्डांना पैसे येतात. मग १९८७ पासून नव्वदच्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांपर्यंत कंपन्यांनी वारेमाप छापलं आणि लोकांनी खोकीच्या खोकी माळ्यावर रचून ठेवली. अमेरिकेत या काळाला जंक व्हॅक्स म्हणतात. त्या वेळचे कित्येक सीलबंद बॉक्स आजही वीस-पंचवीस डॉलरच्या आसपास मिळतात. जळगावपर्यंत पोस्टाचा खर्च त्याहून जास्त होईल. नव्या माणसाला "विंटेज सील्ड बॉक्स" म्हणून जो माल दाखवला जातो, तो बहुधा याच काळातला असतो. वय आणि दुर्मिळता यांत गल्लत करू नका. त्या काळातही अपवाद आहेत, उदाहरणार्थ अप्पर डेक कंपनीचा १९८९ चा बेसबॉल संच, ज्यात पहिल्या क्रमांकावर केन ग्रिफी ज्युनियर हा खेळाडू आहे. पण तोही भरपूर छापला गेला.

आपल्याला बेसबॉलचं काय कळतं, क्रिकेटचं घेऊ, असा विचार अनेकांच्या मनात येतो. स्वाभाविक आहे. ऐंशीच्या दशकात बिग फन बबलगमसोबत क्रिकेटपटूंची चित्रं यायची, ती जमवलेल्या माणसाला त्यांचा लळा असतोच. २०१० नंतरच्या काही वर्षांत टॉप्सची क्रिकेट अटॅक्स पाकिटं आपल्या स्टेशनरीच्या दुकानांतही लटकलेली असत. कुणाकडे त्यांचा अख्खा बॉक्स पडून असेल तर तो सांभाळावा, यात शंका नाही. मात्र गुंतवणूक म्हणायची तर विकताना गिऱ्हाईक लागतं. अमेरिकन बेसबॉल-बास्केटबॉलच्या पाकिटांना दर महिन्याला लिलाव आहेत, मागच्या विक्रीचे आकडे उघडे आहेत. क्रिकेटच्या न फोडलेल्या मालाला अजून तसा नियमित बाजार नाही. माझं मत असं की क्रिकेटचा माल प्रेमापोटी घ्यावा आणि स्वस्तात मिळाला तरच घ्यावा. शाळेत असताना खेळलेली कुस्तीची ट्रम्प कार्डं मात्र या यादीत अजिबात धरू नका. त्यांतली पुष्कळशी परवान्याशिवाय छापलेली होती.

फुटबॉल आवडत असेल तर पॅनिनीकडे बघा. इटलीतल्या मोडेना शहरातली ही कंपनी. १९७० च्या मेक्सिको विश्वचषकाचा अल्बम त्यांचा पहिला विश्वचषक अल्बम होता. त्याच्या न फोडलेल्या पाकिटांना जगभर मागणी आहे, आणि म्हणूनच तिथे नकली मालही आहे.

तिसरी पायरी: सील हाताने आणि डोळ्याने शिका

या पायरीला घाई करू नका. पैसे बुडतात ते बहुतेक इथेच.

सरावासाठी १९८७ च्या टॉप्स बेसबॉलची दोन-चार पाकिटं मिळवा. लाकडी चौकटीसारखी किनार असलेली ७९२ कार्डांची मालिका, पाकिटात १७ कार्डं आणि गम. भरपूर छापलेली असल्यामुळे पाकीट एक-दोन डॉलरला मिळतं. परदेशातून कुणी ओळखीचा येणार असेल तर त्याच्यासोबतच मागवा, नुसत्या सरावासाठी कुरियरचा खर्च परवडत नाही.

पाकीट उलटं करा. मागे कागदाच्या घड्या एकावर एक आलेल्या दिसतील. कारखान्यात गरम पट्टी दाबून कागदावरचंच मेण वितळवत आणि त्यानेच घड्या चिकटत. वेगळा डिंक नसतो. खिडकीशी जा आणि पाकीट तिरकं धरा. चिकटलेल्या जागी मेणाची चमक सपाट आणि एकसारखी दिसली पाहिजे. घडीची रेघ एकच असली पाहिजे. कागद एकदा उलगडून परत दुमडला की जुन्या रेघेशेजारी दुसरी बारीक रेघ उमटते, कितीही जपून केलं तरी. आता बोटांनी कडा चाचपा. आतल्या गमची पट्टी जाणवते, इतक्या वर्षांत तुटली असेल तर तुकडे जाणवतात. गमचा मागमूसच नसेल तर पाकीट बाजूला ठेवा. कार्डांचा गठ्ठा कागदात घट्ट बसलेला हवा, सैल खुळखुळणारा नको.

मग सराफाकडे असतं तसलं दहापटीचं भिंग घ्या. जळगावात ते मिळायला अडचण नाही. घडीच्या कडेला कागदाचे तंतू उभे राहिलेत का बघा. मेण सीलच्या बाहेर पसरलंय का, कागद एखाद्या जागी जास्त तापून तेलकट, आरपार दिसतोय का, हे बघा. इस्त्री किंवा केस सरळ करायचं यंत्र वापरून पुन्हा चिकटवलेल्या पाकिटावर या खुणा राहतात.

आता एक पाकीट स्वतः सावकाश उघडा आणि इस्त्रीने परत बंद करायचा प्रयत्न करा. ते न उघडलेल्या पाकिटाशेजारी ठेवून तासभर बघत बसा. कोणत्याही व्हिडिओने मिळणार नाही एवढी नजर यातून तयार होते. झालं की तो कागद फाडून टाका. पुन्हा बंद केलेलं पाकीट घरात ठेवूच नये, उद्या कुणाच्या हाती लागून ते खरं म्हणून विकलं जाऊ शकतं.

सेलो पॅकमध्ये फसवणुकीची जागा वेगळी आहे. वर मोठा खेळाडू दिसत असेल तर त्या पाकिटाची किंमत कित्येक पट होते. म्हणून तो खेळाडू नंतर वर आणून ठेवला असण्याची शक्यता कायम धरा. जाणकार माणसं इथे कार्डांचा क्रमही बघतात. छापील तक्ते कापून यंत्राने लावलेली कार्डं ठरावीक क्रमाने येत, त्यामुळे कोणत्या कार्डाशेजारी कोणतं असायला हवं, हे त्यांना माहीत असतं.

फॉइलच्या पाकिटाला टोकांना दातेरी दाब असतो. दाते सरळ आणि दोन्ही टोकांना सारखे हवेत, आत डिंकाची चकाकी नको. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात कार्डांत जर्सीचे तुकडे घालायला सुरुवात झाली तेव्हापासून पाकिटं वजनकाट्यावर ठेवून जड तेवढी काढून घेण्याचा उद्योगही सुरू झाला. त्या काळानंतरची सुटी पाकिटं घेऊच नका, घ्यायचा तर पूर्ण बॉक्स. अर्ध्या बॉक्समधली "उरलेली" पाकिटं तर कोणत्याच काळातली नकोत. ज्याने पहिली अर्धी फोडली, त्याला उरलेल्यांत काय नाही याचा बराच अंदाज आलेला असतो.

आणखी एक. ऐंशीच्या दशकातल्या टॉप्सच्या व्हॅक्स बॉक्सना कारखान्यातून प्लास्टिकचं वेष्टन नसायचं. त्यामुळे "बघा, कंपनीचं प्लास्टिक तसंच आहे" असं सांगून कुणी तो बॉक्स दाखवला तर तिथूनच परत फिरा. श्रिंक रॅपचं यंत्र फरसाणवाल्याकडेही असतं.

चौथी पायरी: दाखला कुणाचा, आणि त्यावर किती विसंबायचं

पाकिटांसाठी पीएसए ही अमेरिकन संस्था तपासणी करून, ग्रेड (अवस्थेचा दर्जा) देऊन, कडक प्लास्टिकच्या डबीत बंद करून देते. डबीला स्लॅब म्हणतात. बॉक्स आणि केससाठी बेसबॉल कार्ड एक्स्चेंज, म्हणजे बीबीसीई, यांचं वेष्टन बाजारात मानलं जातं. सीलबंद केसमधून त्यांच्यासमोर काढलेल्या बॉक्सवर तशी वेगळी नोंद असते आणि त्या बॉक्सला जास्त भाव येतो. ते रास्तही आहे.

सोन्याच्या दागिन्यावरचा हॉलमार्क क्रमांक जसा आपण मोबाइलवर तपासतो, तसा स्लॅबवरचा क्रमांक पीएसएच्या संकेतस्थळावर टाकून तपासा. फोटो असेल तर तो हातातल्या पाकिटाशी जुळवा: कागदावरची सुरकुती, डाग, छपाईची तिरकस बाजू. डबीच नकली असू शकते, किंवा खऱ्या डबीचा क्रमांक चोरून दुसरीवर छापलेला असू शकतो.

तरीही दाखला म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. अमेरिकेतला प्रसिद्ध यूट्यूबर लोगन पॉल याने ३५ लाख डॉलर मोजून पोकेमॉन कार्डांचं जुनं सीलबंद केस घेतलं होतं. बीबीसीईने ते तपासून खरं ठरवलं होतं. जानेवारी २०२२ मध्ये त्यांच्याच समोर ते उघडलं तेव्हा आत जी. आय. जो या खेळण्यांची कार्डं निघाली. जाणकारांनाही बाहेरून खोक्याच्या आतलं दिसत नाही, हे यातून घ्यायचं. खोकं जितकं मोठं, तितकं आत न बघता विश्वास ठेवायचा भाग मोठा. नव्या माणसाने केसच्या वाटेला जाऊ नये. स्लॅबमधलं एकेक पाकीट, तेही ओळखीच्या मालिकेतलं, इथून सुरुवात करावी.

२०२४ मध्ये आणखी एक काळजीची गोष्ट उघड झाली: सीटी स्कॅन करून न फोडलेल्या पाकिटातलं कार्ड ओळखता येतं. स्कॅनची खूण पाकिटावर राहत नाही. जुन्या मेणाच्या पाकिटांना याचा धोका किती हे मालिकेवर आणि छपाईवर अवलंबून आहे, पण यापुढे पाकीट आजवर कुणाकुणाच्या हातांतून गेलं याला आणखी महत्त्व येणार. म्हणून २०२४ च्या आधी स्लॅबमध्ये बंद झालेली पाकिटं मला जास्त बरी वाटतात.

पाचवी पायरी: घरी येईपर्यंतचा खर्च आधी कागदावर मांडा

समजा ईबेवर १०० डॉलरचं पाकीट आवडलं. पाठवणी आणि विमा ३० डॉलर. कस्टम ड्युटी आणि कर मिळून ४० टक्के लागले असं उदाहरणापुरतं धरा (प्रत्यक्ष दर बदलत असतात, मागवायच्या आठवड्यात कुरियर कंपनीकडून लेखी विचारून घ्या). १३० वर ५२ डॉलर. क्रेडिट कार्डाचं परकीय चलनाचं शुल्क साडेतीन टक्क्यांपर्यंत असू शकतं, ते साडेचार डॉलर. म्हणजे चाळीसगावच्या घरात पाकीट पोचेस्तोवर सुमारे १८७ डॉलर गेले. उद्या ते अमेरिकेतल्याच माणसाला विकायचं, कारण गिऱ्हाईक तिकडे आहे. परत पाठवणी ३० डॉलर, ईबेची कपात साधारण १३ टक्के. नुसतं मुद्दल सुटायला विक्रीची किंमत २५० डॉलरच्या आसपास हवी. शंभराचे अडीचशे होईपर्यंत तुम्हाला एक पैसा सुटत नाही.

हा हिशेब बघून कुणी मागे फिरलं तर मला त्याचा आनंदच आहे, कारण त्याने हिशेब केला. ज्याला पुढे जायचंय त्याच्यासाठी दोन रस्ते. एक, दहा स्वस्त पाकिटांऐवजी एकच बरं पाकीट घ्यायचं, म्हणजे किमतीच्या मानाने पाठवणीचा खर्च कमी पडतो. ड्युटी टक्केवारीनेच लागते, ती वाचत नाही. दुसरा रस्ता म्हणजे माल भारतात आणायचाच नाही. पीएसएची डेलावेअर राज्यात तिजोरीची सोय आहे. तुमची वस्तू तिथे ठेवून घेतात का, हे घेण्याआधी विचारा. पण परदेशात ठेवलेल्या मालमत्तेची नोंद आयकर विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात करावी लागते आणि ती चुकली तर दंड जबर आहे. त्यामुळे सीएला आधी भेटा, वस्तू नंतर घ्या. विक्रीच्या नफ्यावरचा करही त्यालाच विचारा आणि खरेदीची प्रत्येक पावती त्याच्याकडे द्या.

काही विक्रेते स्वतःहून सुचवतात, "पार्सलवर वीस डॉलर लिहू का?" नाही म्हणा. माल हरवला तर विमा वीस डॉलरचाच मिळेल आणि मुंबईला कस्टममध्ये अडकला तर दंड वेगळा. पार्सल आलं की टेप कापण्याआधीपासून न थांबता व्हिडिओ काढा.

लिलावगृहांत हातोडा पडतो त्या रकमेवर घेणाऱ्याकडून २० टक्के किंवा त्याहून अधिक घेतलं जातं. बोली लावताना ते आधीच वजा करून ठेवा. आणि भाव चढतोय म्हणून धावू नका. २०२१ च्या जानेवारीत जॉर्डनचं तेच फ्लीअर कार्ड सर्वोच्च ग्रेडमध्ये ७,३८,००० डॉलरला गेलं होतं, आणि पुढच्या काही महिन्यांतच तशाच कार्डाची किंमत निम्म्याहून खाली आली. न फोडलेल्या मालाचे भाव त्याच वाऱ्यावर हलतात.

इकडे आपल्या भागात शोधायचं तर भुसावळ, अमळनेर, शहादा इथल्या जुन्या जनरल स्टोअर्समध्ये विचारा. अटॅक्सचे किंवा स्टिकरचे बॉक्स एखाद्याच्या गोदामात असू शकतात. दुकानदाराला खरं सांगा की तुम्ही ते सांभाळून ठेवणार आहात आणि पुढे जास्त किंमत येऊ शकते. त्याला रास्त पैसे द्या आणि पक्कं बिल घ्या. दहा वर्षांनी ते बिल म्हणजे तुमच्या मालाचा इतिहास असेल. इन्स्टाग्रामवरच्या अनोळखी माणसाला यूपीआयने पैसे पाठवण्यापेक्षा हा मार्ग शंभरदा बरा.

पैसे किती घालायचे? कर्ज फिटलेलं, घरातल्यांचा आरोग्यविमा भरलेला, एसआयपी किंवा एफडी चालू, आणि त्यावर जे दहा वर्षं विसरता येईल तेवढंच. कापसाच्या किंवा केळीच्या पट्टीचे पैसे, जे पुढच्या हंगामाला लागणार आहेत, ते यात अजिबात नकोत. पाकिटाला व्याज नाही, भाडं नाही, अडीअडचणीला तारण म्हणून बँक ते घेत नाही.

सहावी पायरी: खानदेशच्या हवेत सांभाळणं

परदेशी मार्गदर्शकांत लिहिलेलं असतं, "थंड, कोरड्या जागी ठेवा." आपल्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. पत्र्याखालची खोली त्याहून तापते. पाकिटावरचं मेण मऊ पडायला एवढं पुरतं. मेण कार्डात उतरतं, घड्या आपोआप सुटतात, आणि मग हे पाकीट कुणी उघडलं नव्हतं हे तुम्ही कुणालाही पटवू शकत नाही. म्हणून गच्चीवरची खोली, माळा, पत्र्याचं गोदाम, उन्हात उभी केलेली गाडी, यांतलं काहीही चालणार नाही. तळमजल्यावरची, पश्चिमेची भिंत नसलेली मधली खोली निवडा. जुनं धाब्याचं घर असेल तर ते आतून गार असतं, पण मातीत वाळवी आणि कसर असते, तिथे नको.

उन्हाळ्यात दुसरा शत्रू कुलर. आपल्याकडे घरोघर पाण्याचा कुलर चालतो आणि बंद खोलीत तो दमटपणा एकदम वाढवतो. दिवसा कोरडं, रात्री कुलरची ओल, असं दोन महिने चाललं की पुठ्ठा वाकतो. कार्डांचं कपाट कुलरच्या खोलीत ठेवू नका. जुलै ते सप्टेंबर पावसाळी ओल असते ती वेगळीच. आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर ऑनलाइन काही शे रुपयांत मिळतो, तो डब्यात ठेवा. आकडा ४५ ते ५५ टक्क्यांच्या मध्ये राहिला पाहिजे. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्यात त्या बदलत राहा.

स्लॅब नसलेल्या पाकिटासाठी अॅक्रिलिकची डबी किंवा पॉलिप्रॉपिलीनची पिशवी वापरा. वह्यांना घालतो ती मऊ, वास येणारी पीव्हीसीची कव्हरं नकोत, त्यांतला चिकटपणा काही वर्षांत कागदावर उतरतो. रबर बँड नको, सेलोटेप तर नकोच. कपाटात डांबराच्या गोळ्या टाकायची सवय असेल तर हे कपाट त्यातून वगळा, त्यांच्या वाफेने काही प्लास्टिक मऊ पडतं. गममध्ये साखर असते, म्हणून मुंग्या आणि उंदीर यांचाही विचार करा. झाकण घट्ट बसणारा डबा, लोखंडी कपाटात, जमिनीपासून वर.

बँकेचं लॉकर चांगलं, पण आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याच्या गैरव्यवहारात बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंतच असते. त्याहून जास्त किमतीचा माल असेल तर विमा कंपनीशी वेगळं बोला.

घरच्यांना हे नीट सांगून ठेवणं त्याहून महत्त्वाचं. पाहुणे आले की कुणीतरी म्हणणारच, "फोडीसन दख ना भो!" दिवाळीच्या साफसफाईत जुना कागद म्हणून ते रद्दीत जाऊ शकतं, सुट्टीला आलेल्या भाच्याच्या हातात पडू शकतं. डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहा की उघडू नये. एक वही ठेवा. तीत प्रत्येक पाकिटासाठी मालिका, साल, स्लॅबचा क्रमांक, कुणाकडून, कधी, किती रुपयांना घेतलं, पावती कुठे ठेवली, आणि तुमच्यामागे विकायची वेळ आली तर कोणत्या लिलावगृहाला कळवायचं, हे मराठीत लिहा. पत्नीला किंवा भावाला ती वही एकदा शेजारी बसवून वाचून दाखवा. वर्षातून एकदा, हिवाळ्यात हवा कोरडी असताना डबा काढा, मीटर बघा, पाकिटांचे पुढून-मागून फोटो घ्या आणि गेल्या वर्षीच्या फोटोंशी जुळवा. एखादी घडी सुटायला लागलेली दिसली तर ती स्वतः चिकटवू नका. तशीच राहू द्या, आणि विकताना फोटोसकट सांगा.